मिरची नावाचा फोल्डर

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि दादा हैदराबादच्या बेगम बाजारात वडिलांचं दुकान चालवत होता. लाल मिरची आणि हळद, सगळं घाऊक. वडील गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता, मी अकराचा. त्याने चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म भरलेला होता म्हणे. तो तसाच राहिला. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे, दादा तर मुळीच नाही. मला ते आईकडून कळलं, तेही खूप उशिरा.

शतक संपायला एखाद-दोन वर्षं असतील. शहरात जिकडे तिकडे कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या. दिलसुखनगरला तर एकेका इमारतीत चार-चार क्लास. मीही कॉलेज सुटल्यावर बसने तिकडे जात होतो. एक दिवस जेवताना दादा म्हणाला, "तुला घरी लागतो ना रे तो डब्बा? मग घेऊन टाकू. उगं दुसऱ्याच्या मशीनवर कशाला हात मारत बसतोस?"

कोठी भागातल्या एका गल्लीत सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार करून देणारा एक माणूस होता. सगळे त्याला अण्णा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. चाळिशीचा, हाडकुळा, तेलुगू माणूस, पण गिऱ्हाइकांशी हैदराबादी हिंदीत बोलायचा. सुलतान बाजारमागच्या आमच्या घरी तो स्वतः ऑटोतून मशीन घेऊन आला. जोडणी झाल्यावर दादाने भीत भीत विचारलं, "मेरे कू बी कुछ आएगा क्या इसमें?" अण्णा हसला. त्याने पेंटचा प्रोग्रॅम उघडला, दादाचा हात धरून माऊसवर ठेवला आणि एक रेघ काढून दाखवली. दादाने ती रेघ पुढे नेली. मी तेव्हा वायरी बघत होतो, त्यामुळे त्याने काय काढलं ते मी पाहिलं नाही. अण्णाने पाहिलं. तो पडद्याजवळ वाकला आणि मग म्हणाला, "सेठ, ये डी में रखना. विंडोज बिगड़ा तो सी साफ करना पड़ता. डी कू कोई हात नै लगाता."

हार्ड डिस्क चार जीबीची. तिचे दोन भाग करून दिले होते, सी आणि डी. त्या काळी बहुतेकांच्या मशीनवर असंच असायचं.

पुढची दोन वर्षं दर रविवारी दुपारी, जेवण झालं की दादा मशीनवर बसायचा. आधी मोरीत जाऊन साबणाने दोन-तीनदा हात धुवायचा, कारण हळद नखांत राहते आणि मिरची डोळ्यांत जाते. मी खोलीत आलो की तो पडद्यावरचं काम बंद करून पत्त्यांचा खेळ उघडायचा. मला वाटायचं, हा खेळतो आणि लाजतो. एकदा मी म्हणालोसुद्धा, "खेळ की बिनधास्त, मी कुठं सांगतोय कुणाला." तो म्हणाला, "हौ, हौ," आणि उठून गेला.

लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमची, सीडी मला दिलसुखनगरच्या क्लासमधल्या एका मित्राने दिली. मासिकासोबत फुकट आलेली. त्याने सांगितलं, ज्याला हे येतं त्याला नोकरीत कुणी अडवत नाही. मी आठवडाभर त्याच विचारात होतो. वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने डिस्कची एक लांब पट्टी काढली आणि तिचे तुकडे पाडायला लागलो. विंडोजला इतकं, लिनक्सच्या मूळ फायलींना इतकं, स्वॅपला, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायच्या जागेला, रॅमच्या दुप्पट, चौसष्ट एमबी, उरलेलं माझ्या कामासाठी. खोडायचो, पुन्हा काढायचो. लेक्चर चालू असताना काढायचो. ती आखणी करण्यात इतकी मजा होती की प्रत्यक्ष काम राहिलं असतं तरी चाललं असतं, असं आज वाटतं.

अडचण एकच होती. जागा डीमधूनच काढायला हवी होती. डीमधलं सगळं जिथल्या तिथे ठेवून ते लहान करता येत होतं. त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम सीडीवरच होता, पण आधी डिस्कवर विखुरलेलं सगळं एका बाजूला लावून घ्यावं लागायचं, आणि त्याला तासन् तास लागायचे. मला तेवढा धीर नव्हता. डी उडवून टाकायचं आणि त्या जागी नवीन भाग पाडायचे, हे पंधरा मिनिटांचं काम होतं.

एका रविवारी दिलसुखनगरला नात्यातलं लग्न होतं. परीक्षा आहे म्हणून मी घरी राहिलो. आई आणि दादा सकाळीच गेले. जाताना दादाने विचारलं, "जेवायला तरी ये की. एवढं काय वाचतोस?" मी पुस्तक वर करून दाखवलं.

ते गेल्यावर मी डी उघडून पाहिलं. माझे दोन-तीन खेळ होते, बरीच गाणी होती, आणि एक फोल्डर होता. इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव लिहिलेलं, मिरची. मला वाटलं, दुकानाचे भाव-बिव असतील, ते काय दुकानातल्या वहीत असतातच. मी तो उघडला नाही. माझी गाणी मात्र मी एकेक करून सीवर हलवली. सीवर जागा होती. तो फोल्डरही मावला असता. हे मी आता लिहितोय म्हणून नव्हे, तेव्हाही मला माहीत होतं, कारण वहीतल्या त्या पट्टीवर सीमध्ये किती जागा शिल्लक आहे ते मीच लिहून ठेवलं होतं.

मग सीडी घातली. काळ्या पडद्यावर भागांची यादी आली. डीचा भाग काढून टाकला, तिथे नवीन तीन भाग मांडले. त्या प्रोग्रॅममध्ये एक सोय होती. डब्ल्यूची कळ दाबेपर्यंत डिस्कवर खरं काहीच होत नसे, सगळं नुसतं मांडलेलं असायचं. तिथून परत फिरता येत होतं. मी दोनदा आकडे तपासले, डब्ल्यू दाबलं आणि चहा करायला गेलो.

दुपारी तीनच्या सुमाराला लिनक्स सुरू झालं. काळ्या पडद्यावर पांढरा कर्सर लुकलुकत होता आणि मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

पाच वाजता ते दोघं परत आले. दादा खुशीत होता. तोंडात पान, अंगात लग्नातला झब्बा. हात धुऊन तो थेट मशीनसमोर बसला. "थोडा वेळ बसतो रे. एक म्हातारा बघितला लग्नात, सनईवाला. गाल असे फुगलेले... विसरायच्या आधी बसतो." मला तेव्हाही काही उमजलं नाही. मी त्याला विंडोज सुरू करून दिलं.

"डी कुठं गेलं रे?"

मी टेबलावरची पुस्तकं आवरायला लागलो.

"डी दिसना झालंय. माझी चित्रं हैत त्याच्यात."

"कसली चित्रं?"

तो माझ्याकडे वळला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मला सांगितलं. साठ-पासष्ट चित्रं होती. नाकातोंडाला फडकं बांधून मिरची निवडणारी बाई. पोत्यांच्या थप्पीवर झोपलेला हमाल. पाट्यावर वाटताना आई. आणि वडील, दुकानात गादीवर बसलेले. वडिलांचा दुकानातला एकही फोटो आमच्याकडे नव्हता. त्याने ते आठवणीतून काढले होते, पाच-सहा महिने, एकच चित्र, पुसत आणि काढत. "शेवटी जमले रे," तो म्हणाला. "डोळे जमले. तुला दाखवणारच होतो."

मी म्हणालो, "डिस्क खराब झाली वाटतं, दादा. सकाळपासनं गडबड करतीय."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही. आधी काही ठरवलेलं नव्हतं. त्याचा चेहरा समोर होता आणि मला त्या चेहऱ्यासमोरून पळायचं होतं, एवढंच. दादाला ते लगेच पटलं. त्याने उलट माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग तू कशाला घाबरतोस? तुझं बी गेलं असेल की."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो मशीन ऑटोत घालून कोठीला निघाला. मला सोबत घेतलं, कारण त्यातलं बोलणं त्याला कळणार नव्हतं.

अण्णाने डबा उघडला, स्वतःची एक फ्लॉपी घालून मशीन सुरू केलं आणि डिस्कवरचे भाग पाहिले. दोन-तीन कळा दाबल्या. मग त्याने हळूच मला विचारलं, "लिनक्स डाले थे क्या इसमें?"

"नै," मी म्हणालो.

त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तिथे सगळं लिहिलेलं होतं. माझे तिन्ही भाग, माझ्या वहीतल्या मापांचे. ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी ती माझी सहीच होती. दादाला ते वाचता येत नव्हतं.

"सेठ," अण्णा म्हणाला, "डिस्क में खराबी नै दिखती मेरे कू."

"तो मेरे चित्राँ कहाँ गए? तुमीच बोले थे ना, डी में रखो, डी कू कुछ नै होता?"

"बोला था."

"फिर?"

अण्णाने फ्लॉपी काढून बाजूला ठेवली. दादाचा आवाज चढायला लागला. एरवी दुकानात हमालाशीसुद्धा चढ्या आवाजात न बोलणारा माणूस. तो म्हणाला, जुनी डिस्क नवी म्हणून दिलीस. तो म्हणाला, तू चोर आहेस, आणि भोळ्या माणसांना फसवायला ही गल्ली बरी सापडली तुला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती एकमेकांकडे बघत बाहेर गेली. शेजारचा घड्याळजी दारात येऊन उभा राहिला. काउंटरवर स्क्रूची एक पत्र्याची थाळी होती. मी तिच्याकडे बघत होतो. त्यातले काही स्क्रू काळे होते, काही पितळी.

अण्णाने एकदाही माझ्याकडे बोट केलं नाही. फळीवरून नवी डिस्क काढली, बसवली, विंडोज घालून दिलं. दोन तास लागले. दादा बाहेर पायरीवर बसून राहिला. डबा बंद करताना अण्णा मला एवढंच म्हणाला, "उसके उपर दूसरा लिखा गया है, अब वापस नै आता. तू घर जाके सच बोल देना. आज नै तो कल."

मी मान हलवली.

तो 'कल' यायला नऊ वर्षं लागली.

त्या दिवसांत बेगम बाजारातले व्यापारी एकेक करून कॉम्प्युटर घेत होते, आणि आमच्या गल्लीतले बरेच जण दादाला विचारून घेत, कारण आमच्याकडे आधी आला होता. दादा सगळ्यांना सांगायचा, कुणाकडूनही घ्या, त्या माणसाकडून नको. मी ते ऐकायचो. दोन-तीनदा कोठीवरून जाताना लांबूनच अण्णाची पाटी दिसली तेव्हा मी रस्ता ओलांडून पलीकडून गेलो. एकदा त्याने मला पाहिलं असावं. हाक मारली नाही.

दादा पुन्हा मशीनवर बसला नाही. आईने सुलतान बाजारातून एक मोठी चित्रकलेची वही आणि पेन्सिली आणल्या, त्याच्या उशाशी ठेवल्या. त्याने पहिल्या पानावर काही काढलं, फाडलं, आणि वही आईला परत दिली. मी विचारलं तर म्हणाला, "वडील एकदाच जमले होते. आता बसलं की ते आधीचंच डोळ्यांसमोर येतं, आणि हात तसा चालत नाही."

मला नोकरी लागली ती त्या लिनक्समुळेच. मुलाखतीत विचारलं, कुठे शिकलात? मी सांगितलं, घरी, स्वतःच. समोरचे खूष झाले. माझं काम होतं लोकांच्या फायली सांभाळायच्या, रोज त्यांच्या प्रती काढून ठेवायच्या. माझ्या हातून तिथे एकही फाइल कधी गेली नाही.

नऊ वर्षांनी, एका सुट्टीच्या दिवशी, दादाची मुलगी माझ्या लॅपटॉपवर चित्र काढत बसली होती. सात वर्षांची. घर, झाड, एक मांजर. जेवणं झाली होती, वहिनी आणि आई आत होत्या. दादा तिच्या मागे उभा राहून बघत होता. मग तो तिला म्हणाला, "यात नको काढू, बेटा. कागदावर काढ. ही मशीन आपोआप बिघडते आणि सगळं जातं. कुणाचा दोष नसतो."

मला वाटतं, त्याने रागाने काही म्हटलं असतं तर मी तेव्हाही गप्पच राहिलो असतो. मी पोरीला आत पाठवलं आणि दादाला सगळं सांगितलं. सीडी, वहीतली पट्टी, तीन भाग, सगळं. तो खुर्चीवर बसून ऐकत होता.

"तो फोल्डर तुला दिसला होता?"

"हो."

"उघडला नाहीस."

"मला वाटलं, दुकानाचं काही असेल."

"तुझी गाणी?"

"ती आधी हलवली."

बराच वेळ तो तळहात चोळत राहिला. मी वाट बघत होतो की आता तो चित्रांबद्दल बोलेल, वडिलांच्या चित्राबद्दल बोलेल. तो म्हणाला, "आणि अण्णा? त्याला कळलं होतं?"

"लगेच कळलं होतं."

दादा उठला, चप्पल घातली. "चल."

कोठीच्या त्या गल्लीत अण्णाच्या दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान होतं. शेजारचा घड्याळजी मात्र तिथेच होता, आता पार म्हातारा. त्याने सांगितलं, अण्णाने दुकान बंद करून पाच-सहा वर्षं झाली. धंदा उतरला होता, शिवाय बायकोची तब्येत बरी नसायची. सूर्यापेटच्या बाजूला कुठे तरी त्याचं गाव होतं, तिकडे गेला. फोन नंबर? नाही. गावाचं नाव? ते कधी विचारलं नाही. "बहोत शरीफ आदमी था," म्हातारा म्हणाला. मग दादाकडे निरखून पाहत त्याने विचारलं, "आप वोइच हैं ना, जो उस दिन..." आणि वाक्य अर्धंच सोडलं.

"हौ," दादा म्हणाला. "मैंइच."

परत येताना ऑटोत दादा म्हणाला, "तो माणूस माझ्या शिव्या खात होता तेव्हा तू कुठं बघत होतास?"

मी खरं तेच सांगितलं. स्क्रूच्या थाळीकडे.

पुढच्या आठवड्यात दादा बेगम बाजारात ज्यांना ज्यांना त्याने अण्णाबद्दल सांगितलं होतं, त्या प्रत्येकाच्या दुकानात गेला. आधी मला म्हणाला, "तू नको येऊ. मी बोललो होतो, मीच सांगतो." प्रत्येकाला त्याने सांगितलं की त्या माणसाची काही चूक नव्हती, चूक आमच्या घरातली होती, आपणच उगीच त्याचं नाव खराब केलं. संध्याकाळी घरी आला तेव्हा थकलेला होता. आईने विचारलं, काय म्हणाले लोक? तो म्हणाला, "काय म्हणणार? निम्म्या लोकांना तो माणूसच आठवत नाही. 'कौन अण्णा?' विचारतात."

मी सुट्टी काढून दोनदा सूर्यापेटला जाऊन आलो. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांची दुकानं फिरलो, वर्णन सांगितलं. एवढ्या वर्णनावर माणूस सापडत नाही. पूर्ण नावही आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, आणि तेवढं पुरत होतं.

दादा मला कधी रागावून बोलला नाही. सणावाराला बोलावतो, माझ्या मुलांचे लाड करतो, दरवर्षी वर्षभराची मिरची पोत्यात बांधून पाठवतो. फक्त एक गोष्ट बदलली. मी फोनवर काहीही सांगितलं, अगदी जेवण झालं म्हणून सांगितलं, किंवा उद्या येतो म्हणालो, तरी पलीकडे तो क्षणभर थांबतो आणि विचारतो, "खरंच ना?" त्याला स्वतःला ते कळत असेल असं मला वाटत नाही. मी दर वेळी हो म्हणतो, आणि तो "बरं" म्हणून फोन ठेवतो.